सहा हजारांचे साठ

शास्त्री नगर, जयपूर

खोक्यांवर आकडे छापणाऱ्या महोदयांस,



पत्रास कारण की, आपल्या कर्तृत्वाने मी भारावून गेलो आहे. चौतीस वर्षं मी सरकारी लेखापरीक्षणात काढली. तीन फुटी चराचं सहा फुटी बिल पाहिलं. हजेरीपटावर अंगठा उठवून जाणारे स्वर्गवासी मजूर पाहिले. नादुरुस्त म्हणून उभी असताना रविवारी दोनशे किलोमीटर धावून आलेली जीप पाहिली. पण या मंडळींनी फार तर एकाचे दोन केले, फारच धीर धरला तर चार. आपण साठाचे सहा हजार केलेत, आणि तेही एक अक्षर खोटं न लिहिता! नोकरीत असताना आपली गाठ पडली असती, तर मी पेन खाली ठेवून आपली शिकवणी लावली असती.

आपलं नाव मला ठाऊक नाही. ज्या कंपनीच्या खोक्यावर आपली कला पाहिली, तिचं नाव मी लिहीत नाही. आपण काही एकाच कंपनीत बसत नसणार. दुकानदारालाही दोष नाही. तो बिचारा आपलंच लिखाण मोठ्याने वाचून दाखवत होता. म्हणून हे पत्र थेट आपल्याला, आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून खुलं.

हकिगत अशी. माझा मुलगा बंगळुरूला असतो. घरात बाळ आलं. बाळ रडलेलं ऐकू येत नाही, या एकमेव गुन्ह्यासाठी त्याचा हेडफोन घरातून तडीपार झाला आणि माझ्याकडे आला. हायफायमनचा एचई-६. प्लेनर जातीचा, म्हणजे चुंबकांच्या रांगांमध्ये ताणून बसवलेला एक पातळ पडदा आणि त्यावर विजेची वाट. डोक्यावर ठेवला की साफा बांधल्यासारखं वाटतं. जयपुरात शोभून दिसतो. मुलाने फोनवर एवढंच सांगितलं, "बाबा, याला वीज फार लागते. चांगला अॅम्प्लिफायर घ्या." मला वाटलं, घेऊ. आयुष्यभर आकडेच तपासले, एक अॅम्प्लिफायर निवडता येणार नाही?

ऐकायचं काय, हा प्रश्न नव्हता. जयपूर घराणं. आता इथे आपल्या धंद्यातला एक जुना दाखला देतो. या घराण्याच्या खोक्यावर नाव जयपूरचं, पण माल कोल्हापूरचा. अल्लादियाखाँसाहेब या बाजूचे, उनियाऱ्याचे. पण शाहू महाराजांच्या आश्रयाला ते कोल्हापुरात आले आणि पुढे त्यांची गायकी फुलली ती कोल्हापूर-मुंबईत, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यांत. माझ्या गल्लीत जयपूर घराणं म्हटलं, तर लोक विचारतात, "कौनसी कोठी?" म्हणजे खोक्यावरचं नाव आणि आतला ऐवज यांचं नातं सैल असणं मला नवीन नाही. फरक इतकाच, की केसरबाईंची तान ऐकल्यावर कुणी नाव परत मागितलं नाही.

तर मोबाइलला जोडून पाहिलं. केसरबाई शेजारच्या घरात गात असाव्यात, आणि मधलं दार लोटलेलं असावं, असा आवाज आला. मग एम. आय. रोडच्या बाजारात गेलो. दुकानातल्या पोराने आपलं खोकं माझ्यापुढे ठेवलं. काळं खोकं, त्यावर सोनेरी आकडा, माझ्या अंगठ्याएवढा उंच: ६०००. खाली 'मिलिवॅट'. पोरगा म्हणाला, "अंकल जी, छह हज़ार! नाहरगढ़ हिल जाएगा."

नाहरगडचा किल्ला जागचा हलला नाही. घरी येऊन मल्लिकार्जुन मन्सूरांची मैफल लावली. आलापीपर्यंत सगळं गोड. मग लय वाढली, बुवांची तान वर चढली, समेवर तबल्याचा दणदणीत 'धा' पडला आणि कानात पापड मोडला. पुन्हा लावलं. पुन्हा त्याच समेवर पापड. आवाज कमी केला तर पापड गेला, पण तंबोराही गेला. सहा हजार मिलिवॅट खर्चून एक 'धा' नीट वाजत नाही, म्हणजे कुठे तरी रक्कम मुरली आहे, हे कळायला लेखापरीक्षक असावं लागत नाही. ती कुठे मुरली, हे शोधायला मात्र लागतं.

मी भिंग काढलं. खोक्याच्या तळाला, बारकोडच्या शेजारी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत आपण कबुलीजबाब दिलेला आहे: कमाल क्षणिक शक्ती, १६ ओहमवर, बॅलन्स्ड जोडणीतून, चार्जर लावलेला असताना, बॅटरीवर व्होल्ट निम्मे. वाचून डोळे पाणावले. किती हा प्रामाणिकपणा, आणि किती ही लहान अक्षरं!

मग जुन्या सवयीने कागदाला मधोमध घडी घातली, डावीकडे रक्कम, उजवीकडे आक्षेप, आणि सुरुवात केली.

६००० ही लाटेच्या शेंड्यावरची शक्ती. सलग मिळणारी शक्ती, जिला आरएमएस म्हणतात, ती तिच्या निम्मी. राहिले ३०००. हे ३००० कुठे? १६ ओहमवर. म्हणजे यंत्राचा जोर ६.९ व्होल्टांचा. माझा हेडफोन ५० ओहमचा. तेवढ्याच व्होल्टांत ५० ओहमवर मिळतात ९६० मिलिवॅट. तेही बॅलन्स्ड जोडणीतून, जिथे प्रत्येक कानाला दोन्ही बाजूंनी ढकलतात. माझ्या केबलच्या टोकाला साधी जाड पिन आहे. साध्या भोकातून व्होल्ट निम्मे. आणि व्होल्ट निम्मे झाले की वॅट चौथाई होतात. उरले २४०. आता चार्जर काढला, कारण मी पलंगावर पडून ऐकतो आणि प्लग देवघराजवळ आहे. व्होल्ट पुन्हा निम्मे, वॅट पुन्हा चौथाई. शिल्लक: ६०.

सहा हजारांचे साठ. रुपयातला पैसा. एका माजी पंतप्रधानांनी रुपयातले पंधरा पैसे खाली पोचतात असं म्हटल्यावर देशभर खळबळ माजली होती. आपण एक पोचवलात आणि खोक्यावर सोनेरी छपाई केलीत.

यातली खरी गंमत पुढे आहे. आपला आकडा जिथे खरा ठरतो, ते १६ ओहम कुणाचे असतात? मोबाइलबरोबर मिळायचे, तसल्या चिमुकल्या इअरफोनांचे. त्यांना एक मिलिवॅट दिला तरी कान किटतात. त्यांच्यासाठी आपण तीन वॅट सलग राखून ठेवले आहेत! ज्याला भूक नाही त्याच्या ताटात पुरणपोळ्यांची चळत, आणि उपाशी येईल त्याला प्रसाद. अनुदानवाटपाची बरीच प्रकरणं मी तपासली आहेत. इतकी काटेकोर उलटी वाटणी कुठे आढळली नाही.

आपण म्हणाल, म्हाताऱ्याला तांत्रिक बाबी कळत नाहीत. महोदय, शास्त्री नगरात राहणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. बीसलपूर धरणाचं पाणी आमच्या गच्चीवरच्या टाकीत चढवायचं असलं की आम्ही रोज हाच अभ्यास करतो. टाकी किती उंच, ते व्होल्ट. पाइपातून पाणी किती वाहतं, ते अँपिअर. तोटी किती आवळलेली, ते ओहम. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे वॅट. तोटी कोणती हे न सांगता 'आमच्या टाकीतून इतकं पाणी पडतं' असं कुणी म्हणालं, तर आमच्या गल्लीतली मुलंसुद्धा हसतील. आपण मात्र तेवढ्यावर दुकानं चालवता.

हेडफोनला किती लागतं, हेही फार गूढ नाही. दोन गोष्टी लागतात: ओहम, आणि एका मिलिवॅटमध्ये तो किती डेसिबल आवाज काढतो. एचई-६ चे ओहम ५० आणि डेसिबल ८३.५. गाणं आपण ऐकतो ते सरासरी ७५-८० डेसिबलने. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत मुभा देते. पण तबल्याची थाप सरासरीच्या वीस डेसिबल वर उसळते, आणि सगळ्याच ध्वनिमुद्रणांची पातळी सारखी नसते. म्हणून जाणकार क्षणिक उसळीसाठी ११० डेसिबलपर्यंत जागा ठेवतात. ८३.५ पासून ११० पर्यंत २६.५ डेसिबलची चढण. दर दहा डेसिबलला वीज दसपट. हिशेब येतो सुमारे ४५० मिलिवॅट, म्हणजे ४.७ व्होल्ट आणि ९५ मिलिअँपिअर. बस्स. अर्धा वॅट! आपल्या सोनेरी आकड्याचा तेरावा हिस्सा. तेवढाही आत नव्हता, हा भाग निराळा. साठ मिलिवॅटांत गाडी १०१ डेसिबलवर थांबते, आणि बुवांची सम त्याच्या पलीकडे असते. पापड तिथे मोडतो.

आता याच्या शेजारी बायरडायनॅमिकचा ६०० ओहमवाला डीटी ८८० ठेवा. सहाशे ओहम ऐकून माणूस घाबरतो, मोठं यंत्र शोधतो. पण तो एका मिलिवॅटमध्ये ९६ डेसिबल काढतो. ११० साठी त्याला २५ मिलिवॅट पुरतात. प्रवाह जेमतेम साडेसहा मिलिअँपिअर, मात्र दाब हवा ३.९ व्होल्टांचा. म्हणजे तोटी बारीक आणि टाकी उंच. एचई-६ ला टाकीही उंच हवी आणि पाइपही जाड. हायफायमनचाच सुस्वारा ६० ओहम आणि ८३ डेसिबलचा, म्हणजे त्याच कुळातला खादाड. आणि एकेजीचा जुना के-१००० तर हेडफोनच्या भोकात शिरायचाच नाही. त्याला स्पीकरच्या तारांवर जोडायचे. जास्त ओहम म्हणजे जास्त भूक, हा समज आपण कधी दुरुस्त केला नाहीत. कसा कराल? अज्ञानाच्या भिंतीवरच सोनेरी आकडा उठून दिसतो.

डेसिबलच्या बाबतीतही आपल्या जातभाईंचा हात धरणारा कोणी नाही. काही खोक्यांवर हा आकडा एका मिलिवॅटवर देतात, काहींवर एका व्होल्टवर. माझाच हेडफोन एका व्होल्टवर मोजला तर ८३.५ चा ९६.५ होतो. हेडफोन तोच, पडदा तोच, फक्त माप बदललं. आमच्याकडे धान्याच्या गोदामात मण आणि क्विंटल अशीच अदलाबदल करायचे.

आता बॅलन्स्डबद्दल. दुकानातल्या पोराने आपल्या पत्रकातून वाचून दाखवलं, की त्यातून डावा-उजवा आवाज असा काही वेगळा होतो, की गायक आपल्यासमोर बसलेला दिसतो. त्याची केबल वेगळी घ्यावी लागते. साडेचार हजार रुपये. तिच्यातून दाब वाढतो, ते कामाचं आहे, मान्य. पण केसरबाईंच्या तबकड्या ७८ फेऱ्यांच्या, एकाच भोंग्याच्या काळातल्या. मोनो. डाव्या कानात जे, तेच उजव्यात. त्या दोन सारख्या आवाजांना एकमेकांपासून वेगळं करण्यासाठी मी साडेचार हजार मोजायचे होते. सुईची खरखर दोन्ही कानांत सारखीच, पण फार उच्च दर्जाची आली असती.

एक गोष्ट आपण मुळीच छापली नाहीत: यंत्राचा स्वतःचा अडथळा, आउटपुट इम्पीडन्स. तो हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा, असा संकेत आहे. कारण सेनहायझर एचडी ६५० सारख्या हेडफोनचे ३०० ओहम सगळीकडे ३०० राहत नाहीत. खर्जाच्या टप्प्यात ते पाचशेच्या घरात जातात. अडथळा मोठा असला तर तिथेच आवाज फुगतो आणि डग्गा पोट सुटल्यासारखा वाजतो. काहींना ते आवडतं; आउटपुट ट्रान्सफॉर्मरविना चालणारे व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर अशा ३००-६०० ओहमवाल्यांना मानवतात ते थोडं त्यामुळेच. प्लेनरचे ओहम सपाट असतात, म्हणून तो फुगत नाही. पण त्याला प्रवाह हवा, आणि तो देताना हेच व्हॉल्व्ह धापा टाकतात. म्हणजे महाग यंत्रही चुकीच्या डोक्यावर बसवलं की फुकट.

हा आठव्या हिश्शाचा नियम ज्याने लोकांच्या तोंडी बसवला, तोही आपल्यासारखाच निनावी. एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने लिहायचा. २०११ साली त्याने ओ-टू नावाच्या छोट्या हेडफोन अॅम्प्लिफायरचा नकाशा मोजमापांसकट जगाला फुकट दिला: इतक्या ओहमवर इतकं, आवाजाच्या इतक्या विकृतीला इतकं. २०१२ मध्ये तो जो गप्प झाला तो आजतागायत. कोण होता, कुणाला कळलं नाही. महोदय, निनावी तो आणि निनावी आपण. त्याने नाव झाकून आकडे उघडे ठेवले. आपण... असो.

आपलं घराणं मात्र मला ओळखता आलं. पीएमपीओ! नव्वदच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळणारे, मुठीएवढे स्पीकर आठवा. वर लिहिलेलं, १००० वॅट पीएमपीओ. पाठीमागे जो अॅडॉप्टर लावायचा, तो दहा वॅटसुद्धा द्यायचा नाही. हा पीएमपीओ कसा मोजायचा याचं एकही प्रमाण कधी नव्हतं. ज्याला जो आकडा आवडे, तो तो छापी. अमेरिकेत त्याच्याही आधी, १९७४ साली, नियम करावा लागला, की घरगुती अॅम्प्लिफायरचे वॅट सांगायचे तर सलग किती, किती ओहमवर, किती विकृतीला, हे सांगावंच लागेल. यावरून एवढं समजतं, की आपले पूर्वज तिथेही होते.

आणि मोठा आकडा म्हणजे मोठा आवाज, हेही खरं नाही. वॅट दुप्पट केले की मिळतात फक्त तीन डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट दसपट लागतात. चार वॅटवाल्याच्या शेजारी आठ वॅटवालं खोकं दुप्पट किमतीला ठेवता, तेव्हा गिऱ्हाईक व्हॉल्यूमच्या बटणाचा एक चिमटाभर फेरा विकत घेतं. थोड्या वॅटांची पोच पाहायची तर आकाशाकडे पाहा. १९७७ साली सुटलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे. ती यानं सुमारे तेवीस वॅटांच्या ट्रान्समीटरवर आंतरतारकीय अवकाशातून पृथ्वीशी बोलतात. सोनेरी आपलं खोकंही आहे, पण त्याचा आवाज देवघरापासून पलंगापर्यंत येताना फाटतो.

असो. पापड मोडायचा थांबला कसा, तेही ऐका.

माळ्यावर माझा जुना स्टिरिओ अॅम्प्लिफायर होता, १९८६ साली लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला. कॉस्मिक, सोनोडाइन या नावांनी तरुणांची झोप उडायची, त्या काळातला. धूळ झटकली. पाठीमागे पत्र्यावर ठशांनी उमटवलेलं: '२५ वॅट, ८ ओहम, दोन्ही चॅनल'. समोर हेडफोनचं जाड भोक. गल्लीतल्या मिस्त्रीने झाकण काढून दाखवलं: स्पीकरची वीजच एका रेझिस्टरमधून त्या भोकाकडे आणली होती. रेझिस्टरवर पट्टे लाल, लाल, तपकिरी. दोनशे वीस ओहम. मी तिथेच, त्याच्या स्टुलावर बसून, बिलाच्या पाठीमागे हिशेब केला. १४.१ व्होल्ट, त्यातले २२० ओहम खाऊन माझ्या ५० ओहमच्या वाट्याला येतात २.६ व्होल्ट. म्हणजे १३६ मिलिवॅट. जवळजवळ १०५ डेसिबल. अर्ध्या वॅटची गरज पुरी झाली नाही, पण साठाच्या दुपटीहून जास्त. आठव्या हिश्शाच्या नियमाने हे भोक नापासच. सपाट ओहमचा प्लेनर म्हणून निभावलं. बटणाची खरखर मिस्त्रीने फवारा मारून घालवली. थोडी गुणगुण राहिली. ती तंबोऱ्यात विरून जाते.

मन्सूरबुवा लावले. तान चढली, सम आली, 'धा' पडला, आणि शाबूत राहिला.

गंमत अशी, की मला हा हिशेब करता आला, तो यंत्र जुनं होतं म्हणून नव्हे. त्या पत्र्यावर पंचवीसच्या शेजारी आठ लिहिले होते म्हणून. छेद दिलेला होता. कुठल्याही हेडफोनसाठी, कुठल्याही भोकासाठी, पुढचं सगळं त्यातून काढता येतं. आपल्या सहा हजारांना छेदच नाही. महोदय, छेद नसलेल्या रकमेला आमच्या खात्यात रक्कम म्हणत नसत. नुसता आकडा म्हणत. आणि नुसत्या आकड्याला मंजुरी नसे.

तेव्हा विनंती एवढीच, की यापुढे खोक्यावर पाच गोष्टी एकाच मापाच्या अक्षरांत छापाव्यात: सलग शक्ती ३२ ओहमवर, ३०० ओहमवर आणि ६०० ओहमवर, साध्या भोकातून आणि बॅलन्स्डमधून, वेगवेगळी, बॅटरीवर किती, किती विकृतीला, आणि आउटपुट इम्पीडन्स. सोनेरी शाई खुशाल वापरा. आकडा लहान दिसेल, याची मला कल्पना आहे. त्याची सवय होते. माझं निवृत्तिवेतनही लहान अक्षरांतच येतं, पण ते पुरेपूर येतं.

खुलासा आल्याशिवाय हा आक्षेप मिटवला जाणार नाही.



आपला,
खोकं तळापासून वाचणारं एक गिऱ्हाईक

ता. क. आपलं यंत्र वाया गेलेलं नाही. आमच्या हिने ते घेतलं आहे. भाजी निवडताना ती मोबाइलबरोबर आलेल्या जुन्या इअरफोनांवर अभंग ऐकते. ते इअरफोन मी तपासले: १६ ओहम. बटण शून्यावरून जरा ढळलं तरी तिला पुरतं. आपले सहा हजार अखेर हक्काच्या घरी पोचले. मी ते बटण पुढे सरकू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली आहे. कांवटिया रुग्णालय इथून चालत जाण्याच्या अंतरावर असलं तरी.